केदार नावाचे क्रियापद आणि आपले 'राहणे'

प्राजक्त

नमस्कार. गेल्या सात महिन्यांपासून आम्ही स्पेनमधील सालामान्का येथे राहत आहोत. येथील विद्यापीठ १२१८ सालचे आहे आणि स्पॅनिश शिकण्यासाठी जगभरातून विद्यार्थी येथे येतात, त्यामुळे भाषा शिकायला याहून चांगले गाव नाही, असे येथे येण्यापूर्वी प्रत्येकाने मला सांगितले होते. तरीही एका क्रियापदाने मला पुरते जेरीस आणले आहे. त्याचा उच्चार जवळजवळ 'केदार' असाच होतो, फक्त आघात 'दा'वर येतो. पुण्यात वर्गाला जात होते तेव्हाच्या माझ्या वहीत त्याच्यासमोर 'राहणे, थांबणे' एवढेच लिहिलेले आहे.

गेल्या मंगळवारी खालच्या मजल्यावरील आजींनी मला निरोप पाठवला: 'केदामोस आ लास ओचो एन एल पोर्ताल?' ओचो म्हणजे आठ आणि पोर्ताल म्हणजे इमारतीचे मुख्य दार, एवढे मला कळले. आठपर्यंत दारात थांबायचे आहे, असा अर्थ लावून मी 'सी, नोस केदामोस' असे उत्तर दिले आणि पावणेआठलाच खाली जाऊन उभी राहिले. आठ वाजून वीस मिनिटे झाली तरी आजी आल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी उलगडा झाला तो असा: त्यांनी 'आठला दारात भेटायचे का?' असे विचारले होते आणि माझ्या उत्तराचा अर्थ त्यांनी 'हो, आम्ही घरीच राहतो' असा घेतला होता. एक 'नोस' (म्हणजे 'स्वतःला') जास्तीचा लागला आणि आमचे फिरायला जाणे राहिले.

त्यानंतर मी हे क्रियापद कानावर पडेल तसे वहीत टिपू लागले. बसची वाट पाहताना 'केदान दोस मिनुतोस', म्हणजे दोन मिनिटे उरली. दुकानात 'ते केदा मुई बिएन', म्हणजे तुला छान दिसते. पत्ता विचारल्यावर 'केदा लेखोस', म्हणजे लांब आहे. आजींच्या बहिणीविषयी 'से केदो बिउदा', म्हणजे ती विधवा झाली. आणि दर दोन वाक्यांआड 'नो मे केदा ओत्रा', म्हणजे दुसरा इलाज नाही. माझा प्रश्न असा आहे की, या सगळ्यांतून ओवता येईल असा एखादा धागा आहे का, की प्रत्येक प्रयोग वेगळा पाठ करावा? या मंचावरील अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे.

केदार_मो

या धाग्यावर पहिला प्रतिसाद माझाच असावा, हा माझा जन्मसिद्ध हक्क आहे. मी माद्रिदमध्ये चार वर्षे काढली. स्पॅनिशमध्ये हे क्रियापद 'क्यू' अक्षराने लिहितात, पण मोबाइलवरच्या घाईत तेथील तरुण मंडळी सर्रास 'के' अक्षर वापरतात, त्यामुळे माझ्या प्रत्येक पत्राखालची सही त्यांना चुकीच्या स्पेलिंगात लिहिलेल्या क्रियापदासारखी दिसत असे. शुक्रवारी दुपारी हटकून कोणीतरी 'केदार, केदामोस?' असे लिहून स्वतःच्या विनोदावर स्वतःच हसत असे. पहिल्या वर्षी मीही हसलो.

कामाची गोष्ट सांगतो. 'केदार कोन' म्हणजे एखाद्याशी भेट ठरवणे आणि त्याला 'स्वतःला' या अर्थाचा 'से' जोडला की 'केदारसे कोन' म्हणजे एखादी वस्तू स्वतःकडे ठेवून घेणे. खेफे म्हणजे वरिष्ठ. शनिवारी साहेबांची भेट ठरली आहे, हे सांगताना मी 'मे केदो कोन मि खेफे' असे म्हणालो आणि साऱ्या विभागाला कळले की मी साहेबांना माझ्याकडे ठेवून घेणार आहे. त्यावर साहेबांच्या सचिव बाई म्हणाल्या की, खुशाल ठेवा.

गुरुत्वमध्य

प्राजक्त, आपला प्रश्न अतिशय योग्य आहे. मी पुण्यात गेली काही वर्षे स्पॅनिश शिकवतो आणि दर वर्षी हाच प्रश्न साधारण दिवाळीनंतर वर्गात येतो. माझ्या मते धागा आहे आणि तो मराठी माणसाला इंग्रजी माणसापेक्षा लवकर सापडायला हवा. आपण शिकताना प्रत्येक शब्द आधी इंग्रजीत नेतो आणि मग मराठीत आणतो, म्हणून तो हाताला लागत नाही.

हा शब्द लॅटिन 'क्विएतारे'पासून आला. त्याचा अर्थ शांत करणे, स्थिर करणे. त्याच कुळातील 'किएतो' म्हणजे स्तब्ध आणि 'केदो' म्हणजे हलक्या आवाजात, हे दोन्ही शब्द आजही स्पॅनिशमध्ये आहेत. हालचाल संपल्यानंतर, गोंधळ बसल्यानंतर, जे जेथे आणि जसे उरते ते म्हणजे केदार. पैसे खर्च झाले आणि दोन युरो उरले. बोलणी संपली आणि आठची वेळ ठरली. नवरा गेला आणि बाई विधवा राहिली. कपडा अंगावर चढवला आणि तो कसा बसला. तुम्ही दिलेल्या प्रत्येक वाक्यात काहीतरी घडून गेले आहे आणि क्रियापद फक्त त्यानंतरची स्थिती सांगते.

आता मराठी पाहा. 'मे केदान दोस पाखिनास पोर लेएर' हे वाक्य 'माझी दोन पाने वाचायची राहिली आहेत' असे जवळजवळ शब्दाला शब्द ठेवून उतरते. पाने अनेक म्हणून 'केदान', पाने अनेक म्हणून 'राहिली'. क्रियापद माणसाप्रमाणे न बदलता वस्तूप्रमाणे बदलते, ही गोष्ट इंग्रजीतून शिकणाऱ्याला महिनाभर छळते. आपल्याला ती आईच्या दुधाबरोबर मिळालेली आहे. 'केदा मुचो पोर आसेर' म्हणजे 'खूप करायचे राहिले आहे'. 'एन के केदामोस?' म्हणजे 'मग आपले काय ठरले?'. 'केदा लेखोस' म्हणजे 'लांब पडते'. राहणे, उरणे, ठरणे, पडणे, बसणे ही आपली पाच क्रियापदे ज्या प्रदेशात फिरतात, तेथे त्यांचे हे एकच क्रियापद नांदते. अंतर सांगताना मात्र एक पथ्य पाळावे. हा प्रयोग इमारत, गाव, रस्ता अशा जागच्या जागी असणाऱ्या गोष्टींसाठीच चालतो. चष्मा कोठे आहे, हे विचारताना तो चालत नाही.

आणि ज्या एका प्रयोगाने दर वर्षी वर्गात हशा पिकतो तो येथेही सांगून टाकतो. गरोदर होणे याला स्पॅनिशमध्ये 'केदारसे एंबाराथादा' म्हणतात. इंग्रजी माध्यमाचे विद्यार्थी आश्चर्य करतात की गरोदरपणात 'राहण्याचा' संबंध काय. मग मागच्या बाकावरील एखाद्या गृहिणी शांतपणे म्हणतात, 'सर, गर्भ राहतोच की.'

आजोबा_पर्वती

आमच्या वेळी याला 'राहून गेले' असे म्हणत. माझे तर स्पॅनिश शिकायचेच राहून गेले.

निवडुंग

गुरुत्वमध्य यांचे विवेचन वाचायला सुंदर आहे, परंतु मला ते पटलेले नाही. मी अनुवादाचे काम करते आणि माझा अनुभव असा आहे की, अशी 'मूळ अर्थाची' स्पष्टीकरणे अर्थ आधी माहीत असेल तेव्हाच लागू पडतात. प्राजक्त यांना शब्दाचे लॅटिन मूळ माहीत असते, तर त्या मंगळवारी वेळेवर भेटल्या असत्या का? मुळीच नाही.

शिवाय 'होणे' या आपल्या एका क्रियापदाच्या जागी स्पॅनिशमध्ये निदान पाच येतात. आंधळा होणे, बहिरा होणे, टक्कल पडणे यांसाठी केदारसे. आजारी पडणे, लाजून लाल होणे यांसाठी पोनेरसे. वेडा होणे यासाठी बोल्बेरसे. श्रीमंत होणे किंवा डॉक्टर होणे यांसाठी आथेरसे. आणि एका गोष्टीची सर्वस्वी दुसरी गोष्ट होणे यासाठी कोन्बेर्तिरसे. 'हालचाल संपल्यानंतर जे उरते' हेच तत्त्व असेल, तर वेड लागल्यानंतर माणूस वेडाच उरतो, मग तेथे केदारसे का नाही? सरांचे तत्त्व याचे उत्तर देत नाही.

आणि 'ते एस्तास केदांदो कोन्मीगो?' या वाक्याचे काय करणार? स्पेनमध्ये त्याचा अर्थ 'माझी फिरकी घेतोस की काय?' असा होतो. त्यात काय शांत झाले आणि काय उरले? माझा सल्ला साधा आहे. शब्द सुटा शिकू नये; त्याच्या मागेपुढे जे येते त्यासकट शिकावा. 'केदार एन' म्हणजे काही करण्याचे ठरवणे, 'केदार कोन' म्हणजे भेट ठरवणे, 'केदारसे कोन' म्हणजे ठेवून घेणे, 'केदारसे सिन' म्हणजे एखादी गोष्ट संपून तिच्यावाचून राहणे, 'केदार पोर' म्हणजे करायचे राहणे. ही पाच जोडपी पक्की झाली की निम्मी लढाई जिंकली.

मराठीच्या आधाराचा धोकाही सांगायला हवा. 'मी पुण्यात राहतो' हे सांगताना माझे दोन मित्र वर्षभर 'मे केदो एन पुने' असे म्हणत होते आणि ऐकणारे त्यांना विचारत होते की, किती दिवसांसाठी. वस्ती करून राहण्याला बिबिर हे वेगळे क्रियापद आहे. 'तो बोलत राहिला' यातले राहणे म्हणजे सेगिर. 'राहू दे, मी देतो' यातले राहणे तर देखार, म्हणजे सोडणे. तेव्हा आपले 'राहणे' आणि त्यांचे 'केदार' ही जुळी भावंडे नव्हेत, फार तर एकाच वाड्यातील भाडेकरू आहेत.

गुरुत्वमध्य

निवडुंग, 'बिबिर' आणि 'सेगिर' यांचा मुद्दा पूर्णपणे मान्य आहे आणि तो माझ्या पहिल्या प्रतिसादात यायला हवा होता. फिरकीच्या प्रयोगाचे उत्तर माझ्याकडे नाही, हेही मान्य करतो.

वेड्याच्या बाबतीत मात्र थोडे बोलतो. केदारसेने सांगितले जाणारे बदल पाहिले, तर त्यांत बहुधा काहीतरी हातचे गेलेले असते. दृष्टी गेली, ऐकणे गेले, केस गेले, जोडीदार गेला, वजन गेले म्हणून सडपातळ राहिला, आवाज गेला म्हणून मुका राहिला. बोल्बेरसेमध्ये माणसाचा स्वभाव किंवा वळण बदलते. तो वेगळाच माणूस होतो. स्पॅनिश भाषेला वेड हे गमावणे वाटत नाही, पालटणे वाटते. गरोदरपण या हिशेबात बसत नाही, हे मीच आधी सांगतो, म्हणजे आपल्याला ते लिहिण्याचा त्रास नको.

पिंपळपान

वरील दोघांच्या वादात एक प्रयोग सुटला आहे आणि माझ्या मते तोच मराठी माणसाला सर्वांत जवळचा आहे. मी बार्सिलोनात विद्यार्थी असताना एका रात्री खोलीच्या बाहेर अडकलो. घरमालकिणीला फोन करून मी पाठ केलेल्या व्याकरणाप्रमाणे 'मी किल्ल्या घरात सोडल्या' असे सांगितले. त्यावर तिने विचारले, 'का सोडल्यास?' तिच्या स्वरात राग नव्हता. तिला खरोखरच कळेना की कोणी शहाणा माणूस किल्ल्या मुद्दाम आत ठेवून दार का ओढून घेईल. मग तिनेच माझे वाक्य दुरुस्त केले: 'से ते आन केदादो लास याबेस एन कासा.'

मी तेथेच जिन्यात बसून ते वाक्य मनात मराठीत केले. 'तुझ्या किल्ल्या घरी राहिल्या.' आपणही असेच म्हणतो. मी किल्ल्या विसरलो, असे आपण क्वचितच कबूल करतो. किल्ल्या राहिल्या, डबा राहिला, छत्री राहिली. जणू छत्रीनेच ठरवले की आज आपण घरी राहायचे. त्या वाक्यात किल्ल्या या कर्ता आहेत, क्रियापद त्यांच्याप्रमाणे अनेकवचनात जाते, आणि माणूस बिचारा 'मे' (मला) किंवा 'ते' (तुला) होऊन कोपऱ्यात उभा असतो. दोष कोणाचाच नाही. त्या दिवसापासून हा प्रयोग मला कधीही चुकलेला नाही.

प्राजक्त

पिंपळपान, किल्ल्यांच्या गोष्टीवरून एक शंका. आमच्या आजी असे म्हणत नाहीत. त्या सरळ 'ए केदादो लास याबेस एन कासा' असे म्हणतात, म्हणजे 'मी किल्ल्या घरी राहिल्या' असेच काहीसे. मला वाटले की माझ्या ऐकण्यातच चूक आहे, परंतु त्यांचा मुलगाही तसेच म्हणतो.

गुरुत्वमध्य

आपले ऐकणे अचूक आहे. सालामान्का, सामोरा आणि खाली एस्त्रेमादुरा या स्पेनच्या पश्चिम पट्ट्यात केदार हे क्रियापद सकर्मक करून 'मागे ठेवणे' या अर्थाने वापरतात. प्रमाण भाषेत तेथे देखार येते. आजींशी बोलताना खुशाल तसे म्हणावे, त्यांना आनंद होईल. परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत मात्र लिहू नये.

तळ्यातमळ्यात

आपण सगळे स्पेनविषयीच बोलत आहात, म्हणून मेक्सिकोची बाजू मांडतो. मी केरेतारो येथे तीन वर्षे कारखान्यात होतो. नवीन असताना घरातील फ्रिज बिघडला. दुरुस्तीला आलेले गृहस्थ तासभर फ्रिजच्या मागे बसून होते. शेवटी हात पुसत उठले आणि म्हणाले, 'या केदो.' 'या' म्हणजे आता आणि 'केदो' म्हणजे राहिला, एवढे ज्ञान माझ्यापाशी होते. मी समजलो की बिघाड तसाच राहिला आणि आता हे पैसे मागणार. मी मान हलवून नकार दिला. त्यांनी पुन्हा 'या केदो' म्हटले. मी पुन्हा नकार दिला. अखेर त्यांनी माझा हात धरून फ्रिजमध्ये घातला. आत थंडगार होते. मेक्सिकोमध्ये 'या केदो' म्हणजे 'झाले काम'. न्हावी केस कापून झाल्यावर हेच म्हणतो आणि कार्यालयातील कारकून शिक्का मारून हेच म्हणतो.

आणखी दोन गोष्टी. स्पेनमध्ये भेटण्याचे ठरवताना 'केदार एन' म्हणतात, तेथे मेक्सिकोमध्ये 'केदार दे' म्हणतात. आणि सुटे पैसे नसले की दुकानदार म्हणतो, 'ले केदो आ देबेर दोस पेसोस', म्हणजे 'तुमचे दोन पेसो द्यायचे राहिले'. हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकले तेव्हा मला थेट आमच्या गल्लीतील वाणी आठवला. फरक एवढाच की, वाणी पैशांऐवजी गोळी हातावर ठेवत असे.

मांडवीकाठ

गोव्याहून लिहिते. निवडुंग आणि गुरुत्वमध्य यांच्या वादात मला पोर्तुगीजची साक्ष काढायची आहे. आमच्या आजीचे शालेय शिक्षण पोर्तुगीजमध्ये झाले होते आणि तिच्या तोंडी 'फिकार' हे क्रियापद सतत असे. राहणे, उरणे, एखादे ठिकाण अमुक जागी असणे, कपडा शोभणे, विधवा होणे, गरोदर राहणे, वस्तू ठेवून घेणे, अमुक करतो असे कबूल करणे, या सगळ्यांना तिचे एकच फिकार पुरत असे. स्पॅनिश केदारची यादी आणि ही यादी समोरासमोर ठेवली, तर फारच थोडे इकडेतिकडे होते.

गंमत अशी की, दोन्ही शब्दांची मुळे वेगळी आहेत. केदार शांत होण्यातून आला आणि फिकार हा लॅटिनमधील रोवणे, खिळून बसवणे या अर्थाच्या धातूतून आला. एक थकून जागी बसला आणि दुसऱ्याला खिळा ठोकून बसवला, परंतु पुढे दोघांनीही तीच कामे पत्करली. यावरून मला वाटते की अर्थाचा हा प्रवास मूळ शब्दात दडलेला नसून 'एका जागी असणे' या कल्पनेतच आहे. म्हणजे गुरुत्वमध्य यांचा निष्कर्ष बरोबर आहे, पण त्यासाठी त्यांना लॅटिनपर्यंत जाण्याची गरज नव्हती. आमच्या कोकणीत राहण्याला रावप आणि उरण्याला उरप अशी दोन क्रियापदे आहेत, त्यामुळे आजी कोकणीत बोलताना नेमकी असे आणि पोर्तुगीजमध्ये मोघम.

जाता जाता तरुण सदस्यांसाठी एक सूचना. ब्राझीलमध्ये 'फिकार कोम' याचा बोलीतील अर्थ एखाद्याशी तात्पुरते प्रेमप्रकरण करणे असा होतो. केदार_मो यांच्या साहेबांचा किस्सा साओ पावलोमध्ये घडला असता, तर तो येथे लिहिण्याजोगा राहिला नसता.

केदार_मो

मी पोर्तुगीज शिकणार नाही, असे येथे जाहीर करतो.

ओवी

जाहीर करण्यावरून आठवले. सरकारी आणि समारंभी भाषेतही या क्रियापदाचा मान मोठा आहे. 'केदा इनाउगुरादो' म्हणजे 'उद्घाटन झाले असे जाहीर करतो'. हुकूमशहा फ्रँकोच्या राजवटीत धरणांची उद्घाटने इतकी झाली की, 'केदा इनाउगुरादो एस्ते पान्तानो', म्हणजे 'या जलाशयाचे उद्घाटन झाले आहे', हे वाक्य स्पेनमध्ये थट्टेचा विषय होऊन बसले आहे. माझ्या ओळखीच्या एका कुटुंबात नवीन कुकरची पहिली शिट्टी झाली, तेव्हा आजोबांनी गंभीरपणे हेच वाक्य उच्चारले होते.

याच्या उलट बाजूचा शब्द म्हणजे 'तोके दे केदा', संचारबंदी. तोके म्हणजे घंटेचा किंवा बिगुलाचा इशारा आणि केदा म्हणजे घरी राहण्याची वेळ. करोनाच्या काळात मी स्पेनमधील बायादोलीद येथे होते. मार्च २०२० मध्ये सगळीकडे 'केदाते एन कासा', म्हणजे घरीच राहा, असे लिहिलेले दिसत होते. पुढे २५ ऑक्टोबर २०२० रोजी रात्री अकरा ते सकाळी सहा अशी संचारबंदी लागू झाली आणि ती ९ मे २०२१ पर्यंत चालली. कनारी बेटांना तेवढी त्यातून सूट होती. पंतप्रधान पेद्रो सांचेथ यांनी तिला तोके दे केदा म्हणू नये, रात्रीच्या हालचालींवरील निर्बंध म्हणावे, असे सुचवले होते, कारण जुन्या शब्दाला लष्करी राजवटीचा वास येतो. लोकांनी ते ऐकले नाही. त्याच क्रियापदापासून 'केदादा' असाही एक शब्द झाला आहे. आंतरजालावर ओळख झालेल्या मंडळींनी ठरवून प्रत्यक्ष भेटणे, म्हणजे आपण ज्याला गटग म्हणतो ते. केदा म्हणजे बाहेर पडू नका आणि केदादा म्हणजे बाहेर पडून भेटा, एवढे अंतर एका 'दा'मुळे पडते.

एक प्रयोग मात्र मला आवडत नाही. 'केदारसे पारा बेस्तिर सान्तोस', म्हणजे संतांच्या मूर्तींना वस्त्रे नेसवण्यापुरती राहणे. लग्न न झालेल्या स्त्रीविषयी हे बोलत असत, कारण देवळातील मूर्ती सजवण्याचे काम तिच्याकडे येई. आपल्याकडेही लग्नकार्यात कोपऱ्यात बसून 'त्यांच्या मोठीचे राहिलेच' असे कुजबुजणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. दोन्ही भाषांनी एकच क्रियापद वापरावे, याचे व्याकरण म्हणून कौतुक वाटते आणि बाकी राग येतो.

निवडुंग

ओवी यांच्या शेवटच्या परिच्छेदाशी शंभर टक्के सहमत. मांडवीकाठ यांचा पुरावा वजनदार आहे, तेव्हा मी अर्धी पावले मागे घेते. समजून घेण्यासाठी धागा आणि बोलण्यासाठी जोडपी, असा समझोता गुरुत्वमध्य यांना मान्य आहे का?

गुरुत्वमध्य

केदामोस एन एसो. म्हणजे, तसे ठरले.

फिरस्ता

अर्जेंटिनातून एक छोटी भर. ओवी यांनी लिहिलेले 'केदाते' स्पेनमध्ये 'के'वर जोर देऊन उच्चारतात. येथे ब्वेनोस आयरेसमध्ये तोच शब्द 'दा'वर जोर देऊन म्हणतात आणि लिहिताना त्यावर आघातचिन्हही देत नाहीत, कारण येथे 'तू'साठी 'बोस' हे वेगळे सर्वनाम आहे आणि त्याची आज्ञार्थी रूपे अशीच होतात. माझ्या स्पॅनिश शिक्षिकेने पहिल्याच दिवशी माझा जोर 'के'वरून उचलून 'दा'वर नेऊन ठेवला.

कपड्यांविषयीही सांगायचे होते. येथे 'ते केदा बिएन' म्हणतात. स्पेनमध्ये तेही चालते, पण 'ते सिएंता बिएन'ही तितकेच ऐकू येते, आणि सेंतार म्हणजे शब्दशः बसवणे. सदरा अंगात बसतो, हे शिंप्याच्या दुकानात ऐकत मोठ्या झालेल्या माणसाला त्यात नवल वाटायचे कारण नाही.

प्राजक्त

सर्वांचे मनापासून आभार. नऊ दिवसांनी लिहिते आहे, कारण मध्यंतरी पाहुणे होते. निवडुंग यांची पाच जोडपी मी शीतकपाटाच्या दारावर लावली आहेत आणि पिंपळपान यांचे किल्ल्यांचे वाक्य मुख्य दाराच्या आतील बाजूला, जेथे त्याचा उपयोगही होईल.

आजींची आणि माझी राहिलेली भेट अखेर झाली. मी स्वतःच निरोप पाठवला, 'केदामोस आ लास ओचो?', 'नोस' न लावता, आणि त्या आठला पाच मिनिटे कमी असताना कोट घालून खाली हजर होत्या. तोर्मेस नदीवरील रोमन पुलापर्यंत जाऊन आलो. परतल्यावर त्यांनी मसुराची आमटी भरलेला एक डबा माझ्या हातात दिला. मी सवयीप्रमाणे म्हणाले की डबा उद्या परत करते, तर त्या म्हणाल्या, 'केदातेलो.' आता शेवटची शंका. याचा अर्थ डबा कायमचा माझा झाला, की ही केवळ सभ्यता आहे?

निवडुंग

'तो तुझ्याकडेच ठेव', इतका सरळ अर्थ आहे. व्याकरणाच्या दृष्टीने डबा आपला झाला.

आजोबा_पर्वती

व्याकरण काही म्हणो, शेजारणीचा डबा परत करावा आणि तो रिकामा परत करू नये. निदान चिमूटभर साखर तरी घालावी.

प्राजक्त

आजोबांचे ऐकले. पाहुण्यांनी पुण्याहून आणलेल्या भाजणीच्या चकल्या घरात होत्या. त्या डब्यात भरून काल सायंकाळी खाली देऊन आले. आज सकाळी नऊच्या सुमारास आजींचा निरोप आला. त्यात रिकाम्या डब्याचे छायाचित्र होते आणि खाली चार शब्द: 'नो केदा नि ऊना.'

एकही उरली नाही. शब्दकोश उघडावा लागला नाही.